वरच्या खोलीची तुळई

मला बघायला आलेल्या बाईंनी माझ्याआधी आमच्या घराची चौकट बघितली. साताऱ्यातलं आमचं घर, बाहेरच्या खोलीत पोह्यांच्या बशा, मी पदर सावरत ट्रे घेऊन दारापर्यंत आलेली, आणि दिल्लीहून मुलासाठी स्थळ बघायला आलेल्या सुमती कारखानीस खुर्ची सोडून दाराच्या चौकटीवर बोटाच्या पेरानं टकटक करत उभ्या. आधी वर, मग मध्ये, मग खाली. खाली पोचल्यावर तर त्यांनी चक्क जमिनीवर बसकण मारली, लाकडाला कान लावला आणि माझ्या वडिलांना म्हणाल्या, "अहो, हा पाय आतून पोकळ झालाय. वाळवी आहे. पावसाळ्याच्या आत बघून घ्या." मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. "तू अश्विनी ना? ये, ये. पोहे गार होतील."

आई स्वयंपाकघरात येऊन कुजबुजली, "ही बाई सून बघायला आलीय की घर विकत घ्यायला?" पण पुढे सुतारानं ती चौकट उकलली तेव्हा खालच्या भागाचा नुसता भुगा हातात आला. वडिलांनी कौतुकानं दिल्लीला फोन केला, तर पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "मग? लाकूड खोटं बोलत नाही." एव्हाना माझं लग्न ठरलेलं होतं. वाळवीनं जुळवलेलं लग्न म्हणून माहेरी आजही माझी चेष्टा होते.

माझ्या सासूबाई जाऊन आता दोन वर्षं होतील. त्यांच्याविषयी बोलताना लोक 'किती हौशी होत्या' असं म्हणतात, तेव्हा मला राग येतो. हौस रांगोळीची असते. त्यांचं ते काम होतं, आणि ते त्या चोख करायच्या.

त्यांचं लहानपण दिल्लीतल्याच लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेलं. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत. क्वार्टरचं दार फुगलं, खिडकीची जाळी फाटली, की तक्रार नोंदवायची आणि माणसाची वाट बघत बसायचं. माणूस यायचा तेव्हा ऋतू बदललेला असायचा आणि फुगलेलं दार आपोआप आक्रसून नीट लागत असायचं. "मग तो मला खोटं ठरवून निघून जायचा," त्या सांगायच्या. "तेव्हाच ठरवलं, चलो, आपण शिकायचं." कॉलनीत कामाला येणाऱ्या सुतारांच्या मागे मागे फिरून त्या शिकल्या. पुढे सरकारी कार्यालयात फायली सांभाळणारी नोकरी लागली, लग्न होऊन करोलबागेतल्या या जुन्या दुमजली घरात आल्या, पण शनिवारी दुपारी हातात हत्यार हवंच.

त्या हे सगळं हिंदीतून शिकलेल्या असल्यामुळे हत्यारांची नावंही त्यांना हिंदीच येत. मी साताऱ्याची, मला पटाशी, करवत, किकरं अशी मराठी नावं पाठ, पण जन्मात एकदाही हातात धरलेलं नव्हतं. शब्द माझ्याकडे होते आणि हत्यारं त्यांच्याकडे. त्या म्हणायच्या, "अश्विनी, ती छेनी दे जरा." मी म्हणायची, "पटाशी म्हणा, आई." "अच्छा, पटाशी. नाव बदललं म्हणून धार वाढत नाही, दे इकडे." दिल्लीत वाढलेल्या मिलिंदला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, दोन्हीतलं काहीच येत नव्हतं. तो आमच्या मधून चहाचा कप सांभाळत जायचा.

लग्नानंतरच्या पहिल्या पाडव्याला त्यांनी मला साडी दिली आणि साडीच्या घडीत एक पटाशी. बिसलेरीच्या बाटलीचं झाकणसुद्धा मिलिंदकडून उघडून घेणारी मी बघतच राहिले. "साडी रीत म्हणून," त्या म्हणाल्या, "आणि हे माझ्याकडून." पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मी स्वयंपाकघराच्या जाळीच्या दाराला नवी पट्टी बसवली होती. वाकडी बसली होती. त्यांनी ती काढू दिली नाही. "राहू दे. रोज बघशील, रोज टोचेल, पुढची सरळ बसेल." ती पट्टी अजून तशीच वाकडी आहे आणि मला अजून टोचते.

त्यांचा एक नियम होता: आधी ऐकायचं, मग ठोकायचं. कुणाच्याही घरी गेल्या की चपला काढता काढता हात चौकटीवर. सरोजिनी नगरच्या बाजारात कपडे घ्यायला गेलो, तरी त्या दुकानाच्या फळ्या वाजवून बघायच्या. शेजारच्या पम्मी आंटी त्यांना म्हणायच्या, "सुमतीजी, आप तो दरवाज़ों की डॉक्टर हो." त्यावर यांचं उत्तर, "डॉक्टर नहीं जी, कंपाउंडर." तेव्हा मला तो विनय वाटला होता. तो विनय नव्हता. आपण कुठवर आहोत याचा त्यांनी नीट घेतलेला अंदाज होता, हे मला फार उशिरा कळलं.

आता त्या तुळईकडे येते.

करोलबागेतलं आमचं घर जुन्या पद्धतीचं. खालच्या बैठकीच्या खोलीवर लाकडी तुळया, तुळयांवर दगडी फरश्या, आणि त्यावर वरची मोठी खोली. त्या खोलीला लागून थोडी उघडी गच्ची, गच्चीत भिंतीला चिकटून सिमेंटचं तुळशीवृंदावन. ही वरची खोली म्हणजे आमच्या ओळखीतल्या मराठी घरांची मंगळागौरीची जागा. दिल्लीत सगळे फ्लॅटमध्ये किंवा क्वार्टरमध्ये राहणारे, खेळायला जागा कुणाकडे? म्हणून नव्या नवरीची मंगळागौर कारखानिसांकडे, हा शिरस्ता माझ्या आजेसासूबाईंच्या वेळेपासूनचा. फुगड्या, झिम्मा, पिंगा, सगळं त्या फरशीवर. खाली बसलेल्या पुरुषांच्या चहात वरून चुना पडायचा, आणि तक्रार करणाऱ्याला सासूबाई म्हणायच्या, "मुली खुशीत आहेत. पी तसाच."

त्या वर्षी माझ्या नणंदेची, पूर्वाची, पहिली मंगळागौर होती. पहिली माहेरी करायची, म्हणजे आमच्याकडेच. शेजारीपाजारी सावन सुरू झाला होता. आपला श्रावण पंधरा दिवस मागून येतो, म्हणजे तयारीला तेवढी सवड. अशात बैठकीच्या खोलीचं दार वर अडकायला लागलं. सासूबाईंनी शिडी लावून दाराची वरची कड तासली. दार छान लागलं. आठवडाभरात परत अडकलं. त्यांनी पुन्हा रंधा हातात घेतला, आणि मग खाली ठेवला.

"दार फुगलेलं नाही," त्या म्हणाल्या. "वरचं खाली आलंय."

त्यांनी शिडी खोलीत घेतली आणि दाराच्या वरची तुळई वाजवायला सुरुवात केली. मध्यावर आवाज खणखणीत. भिंतीकडे सरकल्या तसा तो बसका झाला. भिंतीपाशी तर आवाज असा येईनाच. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर टेकवला. जोर लावला नव्हता, तरी तो शिऱ्यात चमचा जावा तसा मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तर टोकाला ओलसर काळा चोथा. त्यांनी तो बोटांत चोळला, वास घेतला आणि वर छताकडे बघत राहिल्या. तिथे बरोबर वर वृंदावन होतं.

दिल्लीच्या उन्हाळ्यात तुळस जगवणं म्हणजे परीक्षा असते. सकाळी एका तांब्यानं भागत नाही. सासूबाई लग्न होऊन आल्यापासून दोन्ही वेळा घालत, आणि उन्हाळ्यातली गरम वाऱ्याची लू चालायला लागली की बादलीनं. आमची तुळस भर जूनमध्येही हिरवीगार असते याचा त्यांना केवढा तोरा! ते सगळं पाणी इतकी वर्षं सिमेंटच्या भेगांतून झिरपून तुळईच्या टोकात मुरत होतं. गावभरच्या चौकटींना कान लावणाऱ्या बाईनं आपल्याच हातानं, हात जोडून, आपल्याच घराची तुळई कुजवली होती.

दुसरी कुणी असती तर हे तिनं कुणाला कळू दिलं नसतं. यांनी संध्याकाळी जेवायला बसल्यावर आम्हाला सरळ सांगितलं, "तुळई सडली आहे. मीच सडवली. तुळशीला पाणी घालून."

मिलिंद हादरला. "आई, तू आता काही करू नकोस हं. मी उद्या कॉन्ट्रॅक्टर बघतो. नाहीतर खरं सांगू, हे घर बिल्डरला देऊन टाकू या. गल्लीत सगळ्यांनी दिलंय."

"चौकट बदलली तेव्हाही तू हेच म्हणाला होतास."

"चौकट वेगळी, आई!"

"जोड तोच असतो. सडलेलं कापायचं, चांगलं लाकूड भिडवायचं. मी सतरा वेळा केलंय." आणि त्या भाताकडे वळल्या. घरात तो विषय तिथे मिटला असं आम्ही समजलो. त्यांनी एकदा 'मी करते' म्हटलं की ते होत असे, आणि चांगलंच होत असे. मला तर मनातून उत्सुकताच होती. चौकटी, खिडक्या, देव्हारा सगळं झालं, आता तुळई! पम्मी आंटींना काय काय सांगायचं तेही मी ठरवून टाकलं.

त्यांनी कीर्तीनगरच्या लाकूडबाजारात जाऊन सागाचा तुकडा आणला. खालून द्यायला टेकू म्हणून एक बल्ली आणली. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर वर्तमानपत्र पसरून त्यावर सगळी हत्यारं ओळीनं मांडली. मिलिंद रागावून बाहेर निघून गेला होता. मी मदतीला ओचा खोचून तयार. आणि सासूबाई त्या तुळईखाली खुर्ची टाकून बसल्या. बसल्याच. मी एकदा डोकावले, दुसऱ्यांदा डोकावले. हत्यारं जागची हलली नव्हती. शेवटी मी चहा घेऊन गेले.

"काय झालं, आई? बरं वाटत नाहीये का?"

"मी बरी आहे." त्यांनी चहा घेतला, पण प्यायल्या नाहीत. "अश्विनी, मला सांग, चौकटीचा जोड चुकला तर काय होतं?"

"दार लागत नाही."

"आणि हा चुकला तर?"

मी वर बघितलं. त्या दगडी फरश्या मी रोज बघत होते. त्या किती जाड आहेत, हे मात्र मी त्या क्षणापर्यंत कधी मनात आणलं नव्हतं. वर पूर्वा, तिच्या मैत्रिणी, कमरेला पदर खोचून उड्या मारणाऱ्या पंधरावीस बायका.

"मला जोड येतो," त्या म्हणाल्या. "भार येत नाही. कुठून येतो, कुठे जातो, किती येतो, मला काय माहीत? मी फक्त वाजवून बघते. माझी चूक माझ्या डोक्यावर पडली तर मी सोसेन. दुसऱ्याच्या डोक्यावर पडणारी चूक शिकाऊ हातानं करायची नाही."

"पण आई, तुम्ही कुठे शिकाऊ?"

"यात आहे. बिल्कुल आहे." आणि त्या उठल्या. एकेक हत्यार पुसून पेटीत ठेवलं. पटाशीची धार उगाचच बोटानं बघितली. तुम्हाला सांगते, मी त्यांना देव्हारा घडवताना बघितलंय, फुटक्या खिडकीतून नवी खिडकी काढताना बघितलंय. पण हत्यारांची पेटी बंद करणाऱ्या सासूबाईंचा मला जेवढा अभिमान वाटला तेवढा कधीच वाटला नाही. सगळ्यांनी नको म्हटलं तेव्हा त्या थांबल्या नाहीत. त्यांना स्वतःला दिसलं, तेव्हा थांबल्या. मिलिंद परत आला तेव्हा त्याला एवढंच म्हणाल्या, "कॉन्ट्रॅक्टर नको. आधी इंजिनिअर बघ. बांधणारा नको, सांगणारा हवा."

मिलिंदच्या ऑफिसातल्या एकाच्या ओळखीनं नोएडाहून सिद्दीकी नावाचे स्ट्रक्चरल इंजिनिअर आले. तोवर सासूबाईंनी वरची खोली रिकामी करून कुलूप लावलं होतं आणि वृंदावनातली माती थोडी थोडी करून खाली उतरवली होती. सिद्दीकींनी तुळई बघितली आणि आधी विचारलं, "आंटी, इसे किसी ने छेड़ा तो नहीं?"

"सिर्फ़ पेचकस डाला है. एक बार."

ते शेजारच्या तुळईकडे गेले. ती सासूबाईंनीही वाजवून बघितली होती. आवाज भिंतीपर्यंत स्वच्छ होता. सिद्दीकींनी भिंतीचा थोडा गिलावा फोडला, दोन विटा काढल्या, आत टॉर्च मारला आणि सासूबाईंना बोलावलं. बाहेर धडधाकट दिसणाऱ्या त्या तुळईचं भिंतीतलं टोक उरलंच नव्हतं. तिचा भार सरकत सरकत आमच्या आजारी तुळईवर आला होता, आणि तीच बिचारी दोघींचं ओझं धरून होती.

"आप इसको काटतीं," सिद्दीकी हळूच म्हणाले, "तो एक बल्ली से कुछ नहीं रुकता."

मिलिंद मटकन खुर्चीत बसला. सासूबाई मात्र शिडीवर चढून त्या भोकात बघत होत्या. "अच्छा," त्या म्हणाल्या, "भिंतीच्या आतलं ऐकू येत नाही." मग सिद्दीकींना प्रश्नावर प्रश्न. भार कसा मोजता? टेकू कुठे कुठे देणार? लोखंडच का, साग का नको? तो भला माणूस निघताना मला म्हणाला, "आंटी को मेरे दफ़्तर भेज दीजिए. आधे लोग तो बुलाते ही तब हैं, जब काट चुके होते हैं."

पूर्वाची मंगळागौर हलवावी लागली. ओळखीतल्या बायकांना सासूबाईंनी स्वतः फोन केले. "आमची खोली धोक्याची झाली आहे," त्या प्रत्येकीला सांगत, "मी तुळशीला घातलेल्या पाण्यानं तुळई कुजली." मी म्हटलं, "आई, नुसतं दुरुस्ती चालू आहे म्हणा ना." त्या म्हणाल्या, "गच्चीवर तुळस फक्त आपल्याकडेच आहे का? कळू दे बायकांना." आणि खरंच, पुढच्या काही दिवसांत कितीतरी तुळशी कुंडीत उतरल्या आणि कुंड्यांखाली ताटल्या आल्या. मंगळागौर लक्ष्मीबाई नगरमधल्या एका तळमजल्याच्या क्वार्टरमध्ये झाली. तिथे सासूबाईंनी आत जाताच फरशीवर टाच आपटून बघितली. "खाली जमीनच आहे," यजमानीण हसून म्हणाली. "मग चालेल," या म्हणाल्या.

दुरुस्ती दिवाळीपर्यंत चालली. सगळ्या खोलीला टेकू देऊन दोन्ही कुजक्या तुळया काढल्या आणि लोखंडी गर्डर घातले. सासूबाईंनी एकाही कामात हात घातला नाही. खुर्ची टाकून बसायच्या आणि बघायच्या. शेवटी सगळं वर आपल्या जागी गेलं, तेव्हा त्यांनी तासलेल्या दाराच्या डोक्यावर बोटभर फट पडली. मिस्त्री म्हणाला, "आंटी, नया दरवाज़ा लगवा लो." त्या म्हणाल्या, "नाही हो, हे माझं आहे." कीर्तीनगरहून आणलेल्या सागातून त्यांनी पट्टी काढली आणि दारावर जोड दिला. तुम्ही येऊन बघा. जोड कुठे आहे ते डोळ्यांना सापडत नाही.

पुढच्या श्रावणात पूर्वाची दुसरी मंगळागौर. सिद्दीकींनी केव्हाच सांगितलं होतं, खोली पक्की आहे, नाचा. तरी त्या मंगळवारी सकाळी, बायका यायच्या आधी, सासूबाई मला वर घेऊन गेल्या. रिकामी खोली, पुसलेली फरशी, एका कोपऱ्यात मांडलेली गौर. त्यांनी दार लोटलं, पदर कमरेला खोचला आणि खोलीच्या बरोबर मध्यावर जाऊन उभ्या राहिल्या. सत्तरीला आलेल्या बाईंचे गुडघे जिना चढतानाच कुरकुरले होते.

"आई, इंजिनिअर हो म्हणालेत की."

"त्यांचं त्यांनी केलं. आता दुसऱ्यांच्या मुली उड्या मारणार, त्याआधी आपण मारून बघायच्या. पहिली फुगडी माझी."

मला हसू आलं. मी म्हटलं, "वा! दुसऱ्यांच्या मुलींच्या आधी तुम्ही. पण फुगडीला दोघी लागतात. मग मी नाही का दुसऱ्यांची?"

त्यांनी दोन्ही हात पुढे केले. पटाशी धरून धरून घट्टे पडलेले ते तळवे मी पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होते.

"तू कुठली दुसऱ्यांची?" त्या म्हणाल्या. "ये इकडे. पाय जुळव."

मी पाय जुळवले, त्यांचे हात धरले, आणि आम्ही दोघी गरगर फिरलो. खालून मिलिंद ओरडला की चहात चुना पडला नाही.